ब्रायटनच्या कार्डांपासून फोनच्या गॅलरीपर्यंत

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन शहरात हॅरी पॉइंटर नावाचा एक माजी सैनिक फोटो स्टुडिओ चालवत असे. १८७०च्या सुमारास त्याने मांजरांचे फोटो काढायला घेतले. आधीचे फोटो साधेच होते. दूध पिणारं मांजर, टोपलीत झोपलेलं मांजर. मग तो मांजरांना तीनचाकी सायकलवर बसवू लागला, चहाच्या टेबलाशी मांडू लागला. पण त्याची खरी हुशारी पुढेच आहे. फोटो कितीही साधा असला, तरी त्याखाली नववर्षाच्या किंवा वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिल्या की लोक तो विकत घेऊन एकमेकांना पाठवतात, हे त्याने हेरलं. १८८४पर्यंत त्याच्याकडे अशी सुमारे दोनशे चित्रं झाली होती. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सकाळी 'सुप्रभात' म्हणत जे मांजर येऊन पडतं, त्याचं मूळ घराणं हे असं व्हिक्टोरियन आहे.

पुढची पन्नासेक वर्षं मांजराला माणूस बनवण्यात गेली. १८९४मध्ये एडिसनच्या स्टुडिओत दोन मांजरांना हातमोजे घालून बॉक्सिंग करायला लावलं गेलं आणि त्याची छोटी फिल्म निघाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हॅरी व्हिटियर फ्रीज याने झबली-टोपरी घातलेल्या पिल्लांच्या पोस्टकार्डांवर नाव कमावलं. मांजराचं पिल्लू हा सर्वांत हरहुन्नरी नट, असं त्याचं मत होतं. ससा निमूट बसतो, पण अभिनय त्याच्या गावी नाही. आणि डुकराशी काम करणं त्याला सर्वांत अवघड वाटे! पिल्लं हलू नयेत म्हणून कपड्यांच्या आत टाचण्यांचा आधार दिलेला असे. हे सगळं मायेने आणि धीराने केलं जातं, असं फ्रीज आवर्जून सांगे. तरी आज ते फोटो पाहताना हसू येण्याआधी पिल्लाची कीव येते.

आपल्याकडे तेव्हा आणि नंतरही बराच काळ मांजराच्या वाट्याला फोटो आला नाही. छत्तीस फोटोंचा रोल बारसं, मुंज, सहल आणि एखादं लग्न यांत पुरवायचा असे. मनी तर निम्मी घरची, निम्मी आळीची. माळ्यावर विणार, पिल्लांना सात घरं फिरवणार. तिच्यावर फ्रेम खर्च करणं ही चैन होती. घरातल्या जुन्या अल्बममध्ये मांजर सापडलंच, तर बहुधा कुणाच्या तरी मांडीवर, अर्धं कापलेलं.

हे बदललं ते डिजिटल कॅमेऱ्याने. फोटो फुकट झाला, तसा मांजराला नटवण्याचा खटाटोपही संपला. २००५च्या मे महिन्यात यूट्यूबचा एक संस्थापक स्टीव्ह चेन याने आपल्या पजामाज नावाच्या मांजराचा छोटा व्हिडिओ तिथे टाकला. मांजर दोरीशी खेळतंय, बाकी काही नाही. जपानमधला मारू नावाचा बोका २००८पासून खोक्यांत उड्या मारून जगभर पाहिला गेला. २०१२मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनातली एक मांजरी केवळ चेहऱ्यामुळे गाजली. ठेंगणेपणामुळे आणि जबड्याच्या ठेवणीमुळे ती कायम रुसलेली दिसे. फोटोत फेरफार असल्याची शंका लोकांनी घेतली, तेव्हा घरच्यांना व्हिडिओ दाखवावा लागला. 'ग्रंपी कॅट' या नावाने तिचा मोठा धंदा झाला, आणि नावाच्या गैरवापराबद्दलच्या खटल्यात २०१८मध्ये तिच्या मालकांना सात लाख दहा हजार डॉलरची भरपाई मंजूर झाली.

त्याच २०१२ साली गूगलच्या संशोधकांनी सोळा हजार प्रोसेसर जोडलेल्या यंत्रणेला यूट्यूबवरच्या व्हिडिओंतली एक कोटी चित्रं दाखवली. मांजर कशाला म्हणतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तरी मांजराचा चेहरा तिने आपला आपण ओळखला. लोकांनी इतकी वर्षं हौसेने टाकलेल्या व्हिडिओंचा असाही उपयोग झाला.

या साऱ्या इतिहासातला सर्वांत लोभस प्रसंग मात्र ब्रुसेल्सचा. पॅरिसवरच्या दहशतवादी हल्ल्यांनंतर २२ नोव्हेंबर २०१५च्या रात्री तिथे पोलिसांचे छापे चालू होते. पोलीस कुठे आहेत हे समाजमाध्यमांवर सांगू नका, अशी विनंती नागरिकांना करण्यात आली. गप्प बसण्याऐवजी लोकांनी छाप्यांबद्दलच्या हॅशटॅगवर घरच्या मांजरांचे फोटो टाकायला सुरुवात केली. पलंगाखालचं मांजर, खिडकीतून पाळत ठेवणारं मांजर, पंजे वर करून शरण आलेलं मांजर. संशयितांना उपयोगी पडेल अशी माहिती त्या गर्दीत हरवावी आणि भेदरलेल्या शहराला जरा हसू फुटावं, अशी दोन्ही कामं त्यांनी केली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी मांजराच्या खाऊने भरलेल्या वाडग्याचा फोटो टाकून मदतीबद्दल सगळ्या मांजरांचे आभार मानले.

आता या हौसेची दुसरी बाजू. ब्रुसेल्सच्या आदल्या वर्षी, २०१४मध्ये, फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीतले कलाकार-प्राध्यापक ओवेन मंडी यांनी लोकांनी सार्वजनिकरीत्या टाकलेले मांजरांचे दहा लाख फोटो जगाच्या नकाशावर मांडले. कुठलीही चोरी न करता. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश नोंदले जातात, तेच त्यांनी वापरले. मांजर कुठे राहतं हे कळलं, म्हणजे मालकही कुठे राहतो हे कळलंच. पिल्लांसाठी घर शोधणारे आज फोटोबरोबर फोन नंबरही देतात, त्यामुळे ही गोष्ट आपल्यालाही लागू आहे. काही ॲप फोटो पाठवताना ही नोंद काढून टाकतात. सगळीच काढतात असं नाही. तेव्हा मनीचे फोटो जरूर टाका, फक्त त्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करा.