सातचा भोंगा आणि मनाची उसंत

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. वस्ती सुमारे 3000. बहुतेक जण शेतकरी, नाहीतर साखर कारखान्यातले कामगार. ऑगस्ट 2022 पासून या गावात संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि पुढचा दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद ठेवले जातात. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात किंवा ओट्यावर गप्पा मारतात. साडेआठला ही वेळ संपते.

याचे मूळ कोरोनाच्या काळात होते. शाळा मोबाइलवर आली आणि मोबाइल मुलांच्या हातात आला. पुढे वर्ग भरू लागले, तरी हातातला फोन काही सुटेना. सरपंचांनी रोज ठरावीक वेळ सगळे बंद ठेवण्याची कल्पना मांडली तेव्हा पुरुष मंडळींनी ती हसण्यावारी नेली. मग महिलांची सभा बोलावली गेली. आपलेही मालिका पाहणे फार वाढले आहे, हे बायकांनी तिथे मोकळेपणाने कबूल केले आणि निर्णयाला बळ मिळाले. भोंगा बसवला म्हणून लगेच काम भागले असे मात्र नाही. सुरुवातीला तो वाजला की ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि गावकरी दारोदार फिरून 'टीव्ही बंद करा' असे सांगत. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलच वापरू द्यायचा नाही असा ठराव केला. वडगावचा मार्ग सौम्य आहे आणि तो टिकण्याची शक्यताही जास्त, कारण त्यात नियम एकट्या पोरांना लावलेला नाही. घरातला कर्ता माणूसही त्यात येतो.

एकट्याने फोन बाजूला ठेवणे अवघड का जाते, याचे एक उत्तर कामाच्या मानसशास्त्रात सापडते. सोफी लेरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये दाखवून दिले, की अर्धवट सोडलेल्या कामातून दुसऱ्या कामाकडे वळले तरी लक्षाचा एक भाग पहिल्यातच अडकून राहतो. पोळ्या लाटताना आलेला आणि उत्तर न दिलेला मेसेज शेवटच्या पोळीपर्यंत डोक्यात घोळतो तो यामुळेच. भावकीच्या, शाळेच्या, बचत गटाच्या ग्रुपवर काहीतरी चालू असेल ही रुखरुख फोन बंद केला तरी जात नाही. पण सगळा गावच बंद असला की निदान गावातल्या ग्रुपवर तरी चुकण्यासारखे काही उरत नाही.

त्या सभेतल्या कबुलीकडे मात्र जरा थांबून पाहायला हवे. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये स्वतःविषयीच्या करुणेची शास्त्रीय मांडणी केली. तिला बौद्ध विचाराचा आधार आहे आणि तिची अंगे तीन आहेत. चुकल्यावर स्वतःला झोडपण्याऐवजी मायेने वागवणे, हे पहिले. असे चुकणे माणसांच्या वाट्याला येतेच, आपण काही जगावेगळे नाही, ही जाण दुसरे. आणि जे वाटते आहे ते न दडपता, त्यात वाहूनही न जाता पाहणे, हे तिसरे. वडगावच्या बायकांना या मांडणीची गरज पडली नाही. आपल्यासारखेच शेजारणीचेही झाले आहे हे कळले, की कबुलीतली लाज आपोआप कमी होते. एरवी घराघरात याच्या उलट चालते. पोराला कमी मार्क पडले, द्राक्षाची बाग फळकुजीने गेली, सासूच्या औषधाची वेळ चुकली, की 'मीच कमी पडले', 'एवढंही जमत नाही' अशी आतली बोलणी सुरू होतात. शेजारणीवर तोच प्रसंग आला असता तर तिला कोणी असे बोलले नसते.

स्वतःला असे माफ करत गेले तर माणूस ढिला पडेल, ही शंका आपल्याकडे हमखास घेतली जाते. पण ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन या संशोधिकांच्या 2012 च्या प्रयोगांपैकी एकात, अवघड परीक्षेत मार खाल्लेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना स्वतःकडे समजुतीने पाहायला सांगितले होते त्यांनी पुढच्या परीक्षेसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. स्वतःच्या बोलण्यांची धास्ती असली की माणूस पुस्तक उघडायचेच टाळतो.

मन शांत होण्यात शरीराचीही भूमिका आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. सोडण्याचा काळ लांबला की शांत करणाऱ्या मज्जातंतूंचा अंमल वाढतो. एरवी माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. 2001 मध्ये इटलीतील लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक निरीक्षण नोंदवले: ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना किंवा बौद्ध मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि हृदयाची लय सुधारते. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील गोंदवल्यात ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांनी (1845–1913) आयुष्यभर नामस्मरणाचाच आग्रह धरला. त्यांच्या अनुयायांचा तेरा अक्षरी राममंत्र त्या अभ्यासात नव्हता. पण मोठ्याने, लयीत जप करणाऱ्याचा श्वास लांबतो हे समोर बसूनही दिसते. महाराजांच्या प्रवचनांचे पुस्तकही वर्षातल्या प्रत्येक तारखेला एक, अशा रचनेचे आहे. रोजचे पान काही मिनिटांत वाचून होते. दिवसाला एवढेच पुरे, ही मर्यादा पुस्तकानेच घालून दिली आहे आणि ती फार शहाणपणाची आहे.

पाचगणीच्या एशिया प्लॅटो केंद्रात वेगळी रीत आहे. राजमोहन गांधी यांच्या पुढाकाराने नैतिक पुनरुत्थानाच्या चळवळीतून 1960 च्या दशकात हे केंद्र उभे राहिले. तिथे शिबिरार्थी काही वेळ मौन पाळतात, मनात येईल ते वहीत उतरवतात आणि वाटल्यास गटात सांगतात. वही चांगली, पण जपून वापरावी लागते. संपूर्ण प्रामाणिकपणाच्या मापाने स्वतःला रोज मोजत गेले तर तिचे आरोपपत्र व्हायला वेळ लागत नाही. पाचगणीजवळच्याच भिलारला तोही धोका नाही. 4 मे 2017 रोजी राज्य सरकारच्या पुढाकाराने स्ट्रॉबेरीचे हे गाव 'पुस्तकांचे गाव' झाले. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे 15,000 पुस्तके मांडली गेली. कुणाच्याही ओसरीवर बसावे, वाचावे, पुस्तक जागेवर ठेवून निघावे. घाईने आलेला पर्यटक तिथेही आधी फोटोच काढतो, हा भाग निराळा.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. पहाटे धार काढून दूध संकलन केंद्रावर पोचवायचे, रात्री वीज येईल तेव्हा पाणी पाजायला रानात जायचे, अशा माणसाला 'जरा निवांत व्हा' असे सांगणे सोपे आणि निरुपयोगी आहे. गळीत हंगामात कोयता हातात असलेल्या ऊसतोड कामगाराचा वेग तर मुकादम आणि कारखाना ठरवतात. त्याची उसंत मजुरी, कामाचे तास आणि विजेचे वेळापत्रक यांत अडकलेली असते. ती श्वासाच्या व्यायामाने मिळत नाही. घरातल्या बाईची उसंतही बऱ्याचदा दुसऱ्या कुणी भांडी घासली तरच मिळते. वडगावच्या दीड तासात स्वयंपाकही येतो, हे विसरून चालणार नाही.

आणि काही थकवा विश्रांतीने उतरतच नाही. दोनेक आठवडे झोप उडाली, भूक गेली, कशातच रस राहिला नाही किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर तो आजार समजून डॉक्टरांकडे जावे लागते. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. 14416 या क्रमांकावर ती चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही मिळते.