पत्री : एका शब्दाची लढाई

बैलाला पत्री मारताना ज्याने पाहिले आहे, त्याला ‘पत्री सरकार’ या नावातली भीती समजावून सांगावी लागत नाही. दोर लावून बैल आडवा पाडायचा, चारी पाय आवळून बांधायचे, खूर तासायचा आणि लोखंडी पत्री बसवून वर खिळे ठोकायचे. 1943 नंतर सातारा जिल्ह्यात आवई उठली, की भूमिगत लोक माणसांच्या तळपायांनाही अशाच पत्र्या ठोकतात.

या भूमिगतांनी, म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने, गुंड, खबरे आणि गांजणारे सावकार यांना शिक्षा केल्या. पाय बांधून तळव्यांवर काठीचे फटके देत. शिक्षा क्रूरच होती, तिची भलामण करायचे कारण नाही. पण खिळे नव्हते. ‘प्रतिसरकार’ म्हटले की इंग्रजांच्या राज्याला दुसरे राज्य उभे राहिल्याची कबुली होते. ‘पत्री’ म्हटले की उरते ती नुसती छळछावणी. सरकार पक्षाला कोणते नाव सोयीचे, हे उघड आहे.

प्रतिसरकारचे मोठे ठाणे कुंडल. आज ते पलूस तालुक्यात येते, तेव्हा औंध संस्थानात होते. ब्रिटिश मुलूख आणि संस्थानी हद्द यांची सरमिसळ भूमिगतांच्या पथ्यावर पडली. जी. डी. बापू लाडांची तुफान सेना, म्हणजे प्रतिसरकारचे सशस्त्र दल, याच गावात घडली. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ तिने पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली. सरकारदप्तरी हा दरोडा. पण तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड, ‘लूट’ हा शब्द उतारवयातही खपवून घेत नसत. इंग्रजांनी लोकांचा पैसा नेला होता, तो आम्ही परत आणला, असे त्यांचे म्हणणे.

काळ दुसऱ्या महायुद्धाचा होता आणि शब्दही त्यात लढत होते. कोल्हापूरकडच्या वेणू चितळे लंडनहून बीबीसीवर बोलत होत्या; उषा मेहतांचे गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र मुंबईत 12 नोव्हेंबर 1942 ला पकडले गेले. खेड्यात मात्र रेडिओपेक्षा डफ जवळचा. शाहीर शंकरराव निकमांचा पोवाडा ऐकायला सगळा गाव जमे.

माझ्या मते पत्रीची आवई दोन्ही पक्षांना उपयोगी पडली. सरकारला बदनामी करता आली आणि खबऱ्याची पाचावर धारण बसली. अण्वस्त्रधारी देश आज एकमेकांना दम भरतात, त्यातही हेच गणित असते : हत्यार चालवण्याआधी त्याचा धाक चालतो.

पण धाकाचे नाव पुढे कोणाच्या तोंडी कसे बसेल, हे धाक घालणाऱ्याच्या हाती राहत नाही. जे नाव बदनामीला सोयीचे होते, तेच आज कुंडलची माणसे अभिमानाने सांगतात : आमचे गाव पत्री सरकारचे.