नातवाचा वाढदिवस आणि उरलेला केक

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी मुले शाळेत जातात, मोठी माणसे कामावर जातात आणि फ्रिजमधला उरलेला केक आजीच्या वाट्याला येतो. अन्न टाकवत नाही, म्हणून सकाळी चहाबरोबर एक तुकडा आणि दुपारी दुसरा. मधुमेही ज्येष्ठांची साखर एकाएकी वाढलेली दिसली, की घरात नुकताच कोणाचा वाढदिवस झाला का, हे मी आवर्जून विचारतो. समारंभातल्या एका तुकड्यापेक्षा नंतरचे हे तुकडे अधिक नडतात.

म्हणून केक सांगण्यापूर्वी माणसे मोजावीत. मुलाला ४० ग्रॅम, मोठ्या माणसाला ५० ग्रॅम आणि मधुमेही ज्येष्ठाला ३० ग्रॅम, एवढे पुरेसे होते. कारण सोबत चिवडा, समोसा किंवा आपल्या मराठवाड्याची सुशीला असतेच. समजा १४ मुले, १२ मोठी माणसे व ४ ज्येष्ठ येणार आहेत. हिशेब होतो १,२८० ग्रॅम, म्हणजे सुमारे सव्वा किलो. ‘कमी पडायला नको’ म्हणून आपण दोन किलोचा सांगतो आणि ७२० ग्रॅम उरतो. ज्येष्ठांच्या मापाने ते २४ वाटे झाले! गोल केकचे त्रिकोणी तुकडे हमखास मोठे पडतात. चौकोनी केक घेऊन सहा ओळी उभ्या व पाच आडव्या कापल्यास ३० सारखे तुकडे मिळतात.

घरी करावयाचा असल्यास २०० ग्रॅम कणीक, १५० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम दही, १०० ग्रॅम तेल, ५० ग्रॅम दूध, एक चमचा बेकिंग पावडर व अर्धा चमचा खाण्याचा सोडा घ्यावा. कुकरमध्ये तळाशी मीठ पसरून, पाणी न घालता, शिट्टी व रिंग काढून मंद आचेवर पाऊण तास भाजावा. याचे १५ तुकडे होतात. प्रत्येकात साखर सुमारे १० ग्रॅम, म्हणजे दोन चमचे. साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे मधुमेहींना चालतो, हा समज मात्र सोडावा. गुळानेही रक्तातील साखर तशीच वाढते.

मधुमेह असलेल्या आजोबांना केक मुळीच देऊ नये, असे मी म्हणणार नाही. नातवाने भरवलेला घास नाकारण्यात कसले आले पथ्य! त्या जेवणातली पोळी किंवा भात तेवढा कमी करावा आणि गोळी चुकवू नये.

खरी काळजी वेळेची. निमंत्रण सातचे असते, पाहुणे साडेआठला जमतात, केक नऊला कापला जातो. तोवर आजोबांनी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतलेले असते आणि पोट रिकामे असते. घाम, हातांची थरथर, चक्कर किंवा असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे होत. अशा वेळी केक देऊ नये. त्यातील स्निग्धतेमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजावी, पंधरा मिनिटांनी साखर तपासावी आणि मग जेवण द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे. हे टाळायचे तर ज्येष्ठांना त्यांच्या नेहमीच्या वेळी जेवू घालावे. गोळी किंवा इन्सुलिनची वेळ व प्रमाण आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठेवावे.

एप्रिल-मेमध्ये नांदेड-लातुरात पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत क्रीमचा केक तासाभराहून अधिक बाहेर राहू देऊ नये. क्रीममध्ये वाढणाऱ्या काही जंतूंचे विष चवीवरून कळत नाही, आणि उलट्या-जुलाबांनी म्हातारी माणसे व लहान मुले लवकर कोमेजतात. उन्हाळ्यात साधा, बिनक्रीमचा केक बरा.

तरीही केक उरलाच, तर त्याच रात्री शेजारच्या मुलांना वाटून टाकावा. डबा आजीच्या हाती देऊन तो वाटण्याचे काम तिच्यावरच सोपवावे. नाही म्हणणार नाही ती.