हार्डडिस्क उघडेना? फॉरमॅटची घाई नको

२०२४च्या ऐन हंगामात आमच्या पेढीची बाहेरून जोडायची हार्डडिस्क उघडेना. तीत जीएसटीची सारी बिले. कायद्याने वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो! पडद्यावर फर्मान आले, आधी फॉरमॅट करा. मुलाने बटण दाबलेही. नशीब, फॉरमॅट सुरूच झाला नाही.

व्यापारी बांधवांनो, झटपट फॉरमॅट फक्त यादी पुसतो, माल गोदामातच राहतो. पण विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्ये लिहितो. मग काहीच हाती लागत नाही.

म्हणून आधी केबल बदला, डिस्क थेट संगणकाला जोडा. यूएसबी २ मधून ५०० मिलिअँपिअरच वीज मिळते. काही डिस्कना ती पुरत नाही. तरीही फॉरमॅट अडत असेल तर बहुधा डिस्कच खराब. टकटक आवाज आला तर लगेच बंद करून जाणकाराकडे न्या.

आमची डिस्क नव्या केबलने उघडली, पण अडखळत. बिले दुसऱ्या डिस्कवर उतरवली. मार्च २०२२ मात्र गेला. सूतवाल्यांकडे त्या महिन्याच्या प्रती मागत आम्ही कितीतरी दिवस फिरलो.