कोर्टाची तारीख आणि पोळ्यांचा खाडा

"वहिनी, मला कोर्टाचं बोलावणं आलंय!" रविवारी सकाळी धाकट्या नणंदेचा बोस्टनहून फोन आला आणि माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. आपल्याकडे 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे ऐकतच आपण मोठ्या झालेल्या. मनात नाही नाही ते येऊन गेलं. गाडीचा अपघात झाला, की भावजींच्या नोकरीचं काही? "अगं, काय झालं नीट सांग," मी ओरडलेच. तशी ती हसायला लागली. "काही झालं नाही गं. मला ज्यूरीत बोलावलंय. न्याय करायला!"

नणंद तिथल्या एका पाळणाघरात नोकरी करते. तिकडचं नागरिकत्व घेऊन तिला बरीच वर्षं झाली. तिच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात गावोगावच्या रहिवाशांच्या यादीतून चिठ्ठी टाकल्यासारखी नावं निघतात. अठरा वर्षांवरच्या कुणाही नागरिकाला पत्र येतं. डॉक्टर असो, दुकानदार असो, नाही तर पाळणाघरातली बाई. सत्तरी ओलांडलेल्यांना नको असेल तर सूट मिळते. बाकीच्यांना 'मला वेळ नाही' म्हणून पत्र केराच्या टोपलीत टाकता येत नाही.

मी आपली पहिली शंका विचारली. "आणि नोकरीचं काय? पगार कापतील की!"

"नाही ना! पहिले तीन दिवस मालकानेच नेहमीचा पगार द्यायचा, असा आमच्या राज्याचा कायदा आहे. अर्धवेळवाल्यांनाही. चौथ्या दिवसापासून सरकार रोजचे 50 डॉलर देतं. आणि ज्यूरीला गेली म्हणून कामावरून काढता येत नाही."

सगळ्या अमेरिकेत असं नाही, हेही तिनेच सांगितलं. मालकाने पगार द्यावा असा देशभराचा कायदा नाही. प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. केंद्राच्या कोर्टात ज्यूरीला दिवसाला 50 डॉलर मिळतात. ज्याचं पोट रोजच्या कमाईवर आहे, त्याची तिथेही ओढाताण होतेच.

तिचीही झाली. पत्रातली तारीख नेमकी लेकीच्या परीक्षेच्या आठवड्यात. पण एकदा तारीख पुढे ढकलून मागता येते, वर्षभराच्या आतली. तिने ती सुट्ट्यांमधली मागून घेतली. पाळणाघरात माणसं मोजकीच, किती मुलांमागे किती बायका हव्यात याचा नियम कडक. मग तिने मैत्रिणीशी पाळ्या बदलल्या, रविवारी चार भाज्या करून फ्रीजमध्ये ठेवल्या, कणीक मळण्याचं काम भावजींच्या गळ्यात घातलं आणि गेली. बऱ्याच जणांना एका दिवसातच घरी पाठवतात म्हणे. हिची मात्र निवड झाली आणि खटला पाच दिवस चालला.

त्या पाच दिवसांत मी रोज फोन करायचे. "काय गं, कसला खटला? चोरीचा की मारामारीचा?" ती ताकास तूर लावू देईना. खटला संपेपर्यंत कुणाशीही बोलायचं नाही, नवऱ्याशीसुद्धा नाही, असा नियम. भावजी म्हणाले, "पहिल्यांदाच बघतोय, हिच्या पोटात पाच दिवस काही राहिलं!" खटला संपल्यावरही ती एवढंच म्हणाली, "वहिनी, बारा जणांचं एकमत व्हावं लागतं. त्या पोराला तुरुंगात पाठवायचं की घरी, हे माझ्याही हातात होतं. रात्री झोप नाही लागायची."

मला तिचं फार कौतुक वाटलं. मग त्या नादात मी थोडं वाचून काढलं, तेव्हा एक गोष्ट समजली आणि मी चकित झाले. अमेरिकेतही बायकांना ही खुर्ची सहज मिळाली नव्हती. 1870 मध्ये वायोमिंगमधल्या लॅरमी गावात बायका पहिल्यांदा ज्यूरीत बसल्या. पण पुढे कितीतरी राज्यांनी त्यांना एक तर मज्जाव केला, नाही तर 'सूट' दिली. 1961 साली फ्लोरिडातल्या एका बाईचा खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. नवऱ्याच्या खुनाचा आरोप, आणि तिचा निवाडा करणारे सगळे पुरुष. कारण तिथे ज्या बाईने आपणहून नाव नोंदवलं असेल तिलाच बोलावत. न्यायालयाने तो नियम योग्य ठरवला. बाई ही घरसंसाराचा मध्य आहे, म्हणून तिला यातून मोकळं ठेवलं तर बिघडलं काय, असा त्यांचा विचार! हे बदलायला 1975 साल उजाडलं. बायकांना वगळून केलेली ज्यूरी ही खरी समाजाची ज्यूरी नव्हे, असं त्या वर्षी त्याच न्यायालयाने सांगितलं. पुढे 1979 च्या मिसुरीच्या खटल्यात बायकांना मागताक्षणी मिळणारी सूटही गेली. तो खटला लढवणाऱ्या वकील होत्या रूथ बेडर गिन्सबर्ग. 1993 मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयात त्या न्यायाधीश झाल्या.

'तुला घर आहे ना, तू राहू दे' हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय, मैत्रिणींनो! ग्रामसभेच्या वेळी ऐकलंय, शाळेच्या पालक सभेच्या वेळी ऐकलंय. ऐकायला माया वाटते, पण त्यातून हळूच दार लावून घेतलेलं असतं.

आपल्याकडेही ज्यूरी होती, हे नव्या मुलींना सांगितलं तर खोटं वाटतं. 1959 सालचा मुंबईचा नानावटी खटला आठवणाऱ्या आजी आजोबा अजून काही घरांत असतील. पत्नीच्या मित्राला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याला ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, आणि तिथे शिक्षा झाली. पुढे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. आता उरल्यात त्या फक्त पारशी समाजाच्या विवाहाच्या खटल्यांत. तिथे न्यायाधीशांबरोबर समाजातले पाच प्रतिनिधी बसतात.

म्हणजे तुम्हा आम्हाला न्याय करायला कुणी बोलावणार नाही. पण न्यायाला हातभार लावायला मात्र आजही बोलावतात. साक्षीदार म्हणून. आणि इथूनच माझी खरी गोष्ट सुरू होते.

नणंदेच्या फोनच्या आधी काही महिने आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एका सुनेची छळाची केस कोर्टात उभी राहिली होती. महिला मंडळाच्या कामामुळे मी त्या मुलीच्या बरोबर असायचे. तिच्या सासरी पोळ्या करायला जायच्या त्या मावशी माझ्याकडेही पोळ्यांना येतात. त्या घरात काय चालायचं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं. सासरचे लोक तोंड मिटून बसलेले. शेजारी 'आम्हाला काही माहीत नाही' म्हणून मोकळे. मावशींनी मात्र पोलिसांना जबाब दिला. त्यांचं ते घर तर तेव्हाच सुटलं.

मग मावशींना समन्स आलं. पहिल्या तारखेला मी त्यांना रिक्षाने तालुक्याच्या कोर्टात घेऊन गेले. अकरापासून बाकड्यावर बसलो. साडेचारला कळलं, आज होणार नाही, पुढची तारीख घ्या. दुसऱ्या तारखेला समोरचे वकील आजारी. पुन्हा पुढची तारीख. मावशी काही बोलल्या नाहीत. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चला ताई, संध्याकाळच्या दोन घरच्या तरी होतील."

तिसऱ्या तारखेला त्या आल्याच नाहीत. मी कोर्टाच्या दारात वाट पाहत बसले. ती मुलगी माझ्याकडे बघतेय, मी रस्त्याकडे. पुकारा झाला, साक्षीदार हजर नाही. सरकारी वकील म्हणाले, "पुढच्या वेळी आल्या नाहीत तर वॉरंट निघेल, आणि केसही लंगडी पडेल." त्या रात्री मी रागारागाने मावशींच्या घरी गेले. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तुम्ही असं कसं करता, म्हणून बोलले. मावशी चुलीपुढे बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "ताई, तारखेला आलं की चार घरच्या पोळ्या बुडतात. दोघींनी तर सांगितलंय, आणखी खाडे झाले तर दुसरी बाई बघू."

मी काही उत्तर न देता परत आले. आणि दोनच दिवसांनी नणंदेचा तो फोन. 'पहिले तीन दिवस मालकानेच पगार द्यायचा.' फोन ठेवला आणि माझी नजर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गेली. खाड्याच्या दिवसावर मी फुली मारते. मागची पानं उलटून पाहिली. दोन फुल्या होत्या. कुठल्या तारखांवर? मी स्वतः मावशींना रिक्षात घालून कोर्टात नेलं होतं, त्याच दोन तारखांवर! महिनाअखेरीला सवयीने खाडे मोजले होते आणि तेवढे पैसे कापून त्यांच्या हातात ठेवले होते. त्यांनीही मुकाट्याने घेतले होते.

समाजकार्य करणारी बाई मी. व्यासपीठावर बोलते, पेपरात लिहिते. आणि एका बाईला न्याय मिळावा म्हणून जी बाई कोर्टात गेली, तिचा त्या दिवसाचा रोज मीच बुडवला होता. खरं सांगते, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी कापलेले पैसे मावशींना परत दिले. त्या घेईनात. "ताई, मी आले नव्हते ना कामाला." म्हटलं, "मावशी, तुम्ही कामालाच गेला होतात."

पण एकट्या माझ्या पैशांनी प्रश्न सुटत नव्हता. बाकीच्या तीन घरांचं काय? मग भिशीच्या दिवशी हा विषय काढला. एक दोघी कुरकुरल्या, "आमचा काय संबंध?" पण मार्ग निघाला. पुढच्या तारखेला भिशीतल्या तिघींनी त्या घरच्या पोळ्या वाटून घेतल्या. मीही एका घरी गेले. पंचवीस पोळ्या ओट्याशी उभ्याने लाटल्या, तेव्हा पाठ काय म्हणते ते समजलं. आणि त्या घरच्या वहिनींना सांगितलं, "आज मावशींचा खाडा धरायचा नाही. त्यांच्या बदली मी आलेय." त्या अवघडल्या, पण खाडा धरला नाही.

त्या दिवशी मावशींची साक्ष झाली. सगळी मिळून वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांसाठी चार तारखा! उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी विचारलं, "तुम्हाला लिहिता वाचता येतं का?" मावशी म्हणाल्या, "नाही येत साहेब. पण ऐकू चांगलं येतं." बाकड्यावर बसलेली ती मुलगी कित्येक महिन्यांनी हसलेली मी पाहिली. केसचा निकाल अजून लागायचाय. पण आपल्या बाजूने कुणीतरी बोललं, एवढ्यानेच ती ताठ बसली होती.

या सगळ्यातून ज्या चार गोष्टी शिकले, त्या तुम्हालाही सांगाव्याशा वाटतात. साक्षीचं समन्स आलं तर घाबरू नका, आणि ते दडवूनही ठेवू नका. घेतलेलं समन्स दुर्लक्षिलं तर वॉरंट निघू शकतं. खरीच अडचण असेल, आजारपण असेल, तर आधीच कोर्टाला लेखी कळवा. कामावर समन्सची प्रत दाखवा आणि कोर्टातून हजेरीचा दाखला मागून घ्या. फौजदारी खटल्यात साक्षीदाराला येण्याजाण्याचा वाजवी खर्च सरकारी नियमांप्रमाणे द्यावा, असा आदेश कोर्ट देऊ शकतं. तो मागायला लाजू नका, ते दान नाही. साक्षीदार हजर असताना त्याची साक्ष न घेता तारीख द्यायची तर कोर्टाने कारण लिहून ठेवावं, हे जुन्या कायद्यातही होतं आणि 1 जुलै 2024 पासून आलेल्या नव्या कायद्यातही आहे. तेव्हा सरकारी वकिलांना नम्रपणे सांगायचं, 'साहेब, मी रोज बुडवून आलेय.' आणि तपासाच्या वेळी साक्षीदार बाईला पोलीस ठाण्यात या, असा आग्रह धरता येत नाही. जबाब घ्यायला तिच्या राहत्या घरी यावं लागतं.

पण सगळ्यात महत्त्वाचं सांगायचंय ते आपल्यासारख्या, घरात मदतनीस ठेवणाऱ्या बायकांना. अमेरिकेतल्या त्या एका राज्यात पाळणाघराच्या मालकाला जे कायद्याने करावं लागतं, ते आपण आपल्या मनाने करू शकतो. घरची मावशी, दुकानातली मुलगी, शेतावरची मजूर बाई कोर्टात साक्षीला गेली, तर तो दिवस तिच्या मजुरीतून कापू नका. पन्नास शंभर रुपयांसाठी एक साक्षीदार घरी बसते, आणि ती घरी बसली की एखाद्या पोरीची केस बसते.

माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आजही फुल्या असतात. पण पुढच्या महिन्यात एका तारखेवर मी फुली नाही, गोल केलाय. निकालाची तारीख आहे. मावशी म्हणाल्या, "ताई, त्या दिवशी मला बोलावलं नसलं तरी मी येणार." मी म्हटलं, "या की. पोळ्यांचं आम्ही बघतो."