माठ गार होईना, तिथे माणूस कसा गार होईल?



उन्हाची गोष्ट निघाली की आपण पारा किती चढला तेवढेच विचारतो. घाटाखाली कोकणात ३८ अंश झाले असे ऐकले, की "एवढ्याशा उन्हाचं काय घेऊन बसलात" असे म्हणून मोकळे होतो. आम्हीही त्यातलेच. पण गेल्या मे महिन्यात नात्यातील लग्नासाठी कर्जत तालुक्यातील शेलू येथे तीन दिवस राहण्याचा योग आला आणि आमचे हे मत साफ बदलले.

शेलू हे मुंबई-कर्जत रेल्वेवर वांगणी आणि नेरळ यांच्यामधले स्टेशन. एका अंगाला सह्याद्री, दुसऱ्या अंगाला माथेरानचा डोंगर आणि मध्ये उल्हास नदीचे खोरे. हवा दमट, पण दुपारी झाडाचे पान हलत नाही. पोहोचताच मामींनी माठातले पाणी दिले. ते कोमटच! आम्ही विचारले, "मामी, माठ जुना झाला का?" त्या म्हणाल्या, "माठ औंदाच आणलाय रे बाबा. हवाच ओली, तर माठ सुकणार कुठून? आणि सुकल्याबिगर पाणी गार होतंय व्हय?"

शेती पदविकेच्या वर्गात जे शिकलो, ते मामींनी एका वाक्यात सांगितले. माठातून पाझरलेले पाणी हवेत उडून जाते, जाताना माठातली उष्णता नेते, म्हणून पाणी गार होते. माणसाच्या अंगाचेही तसेच आहे. नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. हवा दमट आणि वारा पडलेला असला, की घाम निथळतो, पण अंग थंड होत नाही. आतली उष्णता साठत जाते.

याच रायगड जिल्ह्यात खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा मोठा सोहळा भर उन्हात झाला. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर पारा सुमारे ३८ अंशच होता. तरीही उष्माघाताने १४ माणसे दगावली. हवामान खातेसुद्धा उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागात किमान ४० अंश धरते, तर किनारी भागात ३७ अंश झाले आणि ते सरासरीहून साडेचार अंशांनी जास्त असले, तरी लाट समजते. ते याचमुळे.

आता कोणी म्हणेल, आपण घाटावरची माणसे, आपली हवा कोरडी, हे आम्हाला कशाला? बंधूंनो, बांधावरची हवा कोरडी आहे. उसातली नाही! पाणी दिलेल्या, डोक्याच्या वर गेलेल्या आडसाली उसात एप्रिल-मेच्या दुपारी आत शिरून पाहा. खाली ओल, वर पाल्याचे छप्पर, वारा बंद. तिथे आपले शेलूच होते.

हे आम्ही अनुभवाने सांगतो. दोन वर्षांपूर्वी एप्रिलअखेर आम्ही आमच्या स्लिपबॉयला घेऊन भर दुपारी एकच्या सुमारास आडसालीच्या पाहणीला उसात शिरलो. काही वेळाने त्याला गट नंबर विचारला, तो भलताच सांगू लागला. पुन्हा विचारला, पुन्हा चुकीचा. आम्हाला वाटले पोरगा चेष्टा करतो, म्हणून आम्ही त्याच्यावर रागावलो. तेवढ्यात तो सरीतच कोसळला. दारे धरणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी त्याला ओढून लिंबाखाली आणले आणि पाटाचे पाणी बादलीने अंगावर ओतायला सुरुवात केली. पोरगा वाचला तो त्या बादलीमुळे. बरळणे हीच उष्माघाताची खूण होती, आणि ती आम्हाला ओळखता आली नाही. त्याला त्या वेळी उसात नेण्याची चूक आमची होती, हे येथे कबूल करतो.

शेलूच्या आसपास वीटभट्ट्या आहेत. तेथील माणसे रात्रीच उठून विटा थापायला बसतात आणि ऊन तापायच्या आत सावलीला येतात. त्यांना कोणी व्याख्यान दिलेले नाही. काम तेवढेच, वेळ तेवढी बदललेली. आपणही पुढीलप्रमाणे करावे, अशी कळकळीची विनंती आहे.

१) भांगलण, बांधणी, पाचट काढणे ही कामे पहाटे सुरू करून अकराच्या आत उरकावीत, राहिलेली चारनंतर करावीत. मजुरी तीच द्यावी.

२) मोठ्या उसात एकट्याने जाऊ नये. नव्या गड्याला पहिला आठवडा निम्मेच काम द्यावे, अंगाला ऊन सोसायची सवय हळूहळू होते.

३) तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. ताक, मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत सोबत असावे.

४) माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर घाम असो वा नसो, उष्माघात समजावा. सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ नंबरला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. आधी अंग गार करावे, मग गाडीची वाट पाहावी.

पिकासाठीही दोन शब्द. खोडव्यातील पाचट पेटवू नये, सरीत पसरावे. ओल टिकते आणि पाण्याच्या पाळ्या वाचतात. पाणी कमी असेल तर एक आड एक सरी भिजवावी. ताण पडल्यास दोन टक्के युरिया व दोन टक्के म्युरेट ऑफ पोटॅश यांची फवारणी करावी, तीही सकाळीच किंवा संध्याकाळीच.

यापुढे उन्हाळ्यात आमच्या विभागाची उसातली पाहणी सकाळी दहाच्या आत होईल. एखाद्या सभासदाने दुपारी बोलावले तर आम्ही लिंबाखाली बसून बोलू, उसात येणार नाही. राग मानू नये. उसाला पाणी चुकले तर पुढच्या पाळीत देता येते. माणसाच्या बाबतीत पुढची पाळी नसते.