पट्ट्याचा कोन, हुकावरचा भार

मोटारसायकल टेम्पोत चढली की दोरी बाहेर निघते. हौद्याच्या कड्यांतून नायलॉनची दोरी ओवायची, हँडलला दोन वेढे, कॅरियरला दोन, पाय लावून गच्च आवळायचं आणि साइड स्टँडवर सोडून द्यायचं. बदलीच्या सामानासोबत पुण्याहून बंगळूरला निघालेली गाडी असो, की लडाखच्या मोसमात चंडीगडपर्यंत पाठवलेली, रीत हीच. मग वाटेत टाकीला पोचा पडतो आणि खापर फुटतं खड्ड्यांवर नाहीतर ड्रायव्हरवर. बहुतेक वेळा दोष बांधणीच्या कोनात असतो.

रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० घेऊ. वजन १९५ किलो. टेम्पोने करकचून ब्रेक दाबला की गाडी पुढे झेपावते. युरोपात माल बांधण्याचा हिशेब करताना पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूला ५० टक्के जोर धरतात. म्हणजे आपल्या क्लासिकचा पुढे १५६ किलोंचा रेटा आणि वळणावर बाजूला ९७ किलोंचा. पुढचा रेटा दोरीवर सोडूच नये. पुढचं चाक हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवावं, शक्य असेल तर चाक धरणाऱ्या लोखंडी खाचेत बसवावं. दोन टायरांच्या चिंचोळ्या टेकूवर उभ्या असलेल्या गाडीला बाजूने सावरणं, हे दोरीच्या जागी लावायच्या पट्ट्यांचं खरं काम.

इथे कोन सगळं ठरवतो. पट्टा जमिनीशी ४५ अंशांत असेल, तर त्यातल्या १०० किलोंच्या ताणापैकी सुमारे ७० किलो गाडीला खाली दाबतात आणि तितकेच बाजूला धरतात. तोच पट्टा जवळजवळ उभा, म्हणजे ७० अंशांत बांधला, तर बाजूची पकड ३४ किलोंवर येते. आडवा, २० अंशांत बांधला तर खाली दाबणारा जोर ३४ वर येतो आणि गाडी खड्ड्यागणिक उडते. म्हणून पुढचे दोन पट्टे दोन्ही बाजूंना, खाली आणि थोडे पुढे ओढणारे हवेत. मागचे दोन खाली आणि मागे.

पट्टा अडकवायची जागाही महत्त्वाची. हँडलच्या टोकाला बांधला तर हँडल फिरतं, वाकतं, क्लचची केबल चेमटते. पुढचे दोन्ही शॉकअप ज्या लोखंडी चौकटीत बसतात, मेकॅनिक जिला ‘टी’ म्हणतात, तिच्या खालच्या भागाभोवती मऊ फास घालून त्यात हुक अडकवावा. ही जागा स्प्रिंगच्या वर आहे, त्यामुळे पट्टा आवळला की शॉकअप दबतात, आणि तेच आपल्याला हवं असतं. क्लासिकच्या पुढच्या शॉकअपची चाल १३० मिलिमीटर आहे. गाडी नुसती उभी ठेवून पट्टे लावले, तर पहिल्याच खड्ड्यात शॉकअप दबतो, पट्टा क्षणभर सैल होतो आणि हुक कडीतून निसटतो. आधीच साधारण निम्मा दाबून ठेवला, तर स्प्रिंग पट्ट्याला सतत ताणात ठेवते. पूर्ण तळाला नेऊ नये. मग खड्ड्याचा हादरा सरळ पट्ट्याला आणि चौकटीला बसतो. साइड स्टँड मात्र वर घ्यावा. तो खाली राहिला तर पट्ट्यांचा सगळा दाब त्याच्या एका बिजागरीवर येतो.

नायलॉनची दोरी यासाठी चुकीची, कारण नायलॉन ताणलं जातं, आणि पाणी शोषून आणखी सैलावतं. पावसाळ्यात घाटात ही दोरी भरवशाची राहत नाही. पॉलिएस्टरचा रॅचेट पट्टा फारच कमी ताणला जातो आणि त्याची दातेरी चक्री एकदा अडकली की मागे फिरत नाही.

आता ट्रेलर. मोटारीमागे छोटा ट्रेलर जोडून मोटारसायकली नेणं अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियात रोजचं आहे. तिथे घात करतं ते ट्रेलरचं डोलणं. चालत्या ट्रेडमिलवर खेळण्यातली मोटार आणि तिच्यामागे सरकती वजनं असलेला ट्रेलर ठेवून हे दाखवतात. वजन पुढे असताना ट्रेलरला टिचकी मारली तर तो दोन-तीन झोके घेऊन सरळ होतो. तेच वजन चाकांच्या मागे सरकवलं, की त्याच टिचकीने प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि शेवटी मोटारच आडवी होते. मागे भार असला की जोडणीचा हुक वर उचलला जातो आणि मोटारीच्या मागच्या चाकांची पकड कमी होते. वेग वाढला की झोके विझवायची टायरांची ताकदही घटते.

अमेरिकेत म्हणूनच एकूण भरल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर ठेवतात. ३०० किलोंच्या ट्रेलरवर दोन क्लासिक म्हणजे ६९० किलो. हुकावर ६९ ते १०३ किलो हवेत. हुक ते चाकांचा आस हे अंतर अडीच मीटर धरलं, तर दोन्ही गाड्या फक्त २५ सेंटिमीटर मागे सरकवल्यावर हुकावरचे ३९ किलो कमी होतात. वीतभर जागेवर सुरक्षितता अवलंबून असते, म्हणून ट्रेलर निवडताना आधी पाहावं, की गाड्या पुढे-मागे सरकवायला जागा आहे का. अवाढव्य ट्रेलरही बरा नव्हे: दीड टनासाठी बनवलेल्या स्प्रिंगच्या पाट्यांवर एकच मोटारसायकल ठेवली तर पाटे लवतच नाहीत आणि ट्रेलर उड्या मारतो.

रॅम्पची लांबी तर हमखास विसरली जाते. हौदा ६० सेंटिमीटर उंच आणि रॅम्प १.२ मीटरचा असेल तर चढ ३० अंशांचा होतो. क्लासिकच्या दोन चाकांत १,३९० मिलिमीटर अंतर आणि पोटाखाली १७० मिलिमीटर मोकळी जागा. वरच्या कडेवर तिचं पोट घासतं. १.८ मीटरचा रॅम्प घेतला तर तीच गाडी सहज पार होते.

झोके सुरू झालेच, तर ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि वेग आपोआप उतरू द्या. आणि टेम्पो असो वा ट्रेलर, पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून चारही पट्टे हाताने ओढून पाहा. टायर आणि शॉकअप तोवर बसलेले असतात आणि बहुतेक वेळा एखादा पट्टा पुन्हा आवळावा लागतो.